गोवंडीतील गोवर आणि बालकाचा हक्क

ऑक्टोबर २०२२ मध्ये गोवंडीच्या रफीनगर वस्तीत गोवराने बालकांचे बळी घेतले. या रोगाची लस १९८५ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात विनामूल्य दिली जाते. मग ही बालके का दगावली?

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली. व्हॅटिकनने १९९० साली व भारताने १९९२ साली तिला मान्यता दिली. तिचे २४ वे कलम आरोग्यसेवा हा प्रत्येक बालकाचा हक्क मानते. युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना लसीकरणाला साहाय्य करतात. परंतु गल्लीतील अखेरची पावले आरोग्यसेविकेलाच चालावी लागतात. कोविडकाळात चुकलेल्या मात्रा, पोटासाठी वारंवार बदलावे लागणारे घर आणि पालकांच्या मनातील शंका तिच्या वाटेत उभ्या राहतात.

२०२२ मध्ये साथीच्या भागांत नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना जादा मात्रा देण्यात आली. घरोघरी पाहणी झाली. मौलवींनीही पालकांना आवाहन केले. जिथे शासकीय पत्रक अपुरे पडते, तिथे ओळखीच्या माणसाचा शब्द कामी येतो.

आपल्या धर्मग्रामातही हे करता येईल. आपल्या घरी कामाला येणाऱ्या भगिनीला एकदा आपुलकीने विचारावे : बाळाच्या लसी पूर्ण झाल्या का?