सशाचा चौरंग

संत्र्याच्या आंबिया आणि मृग बहारांचा हिशेब ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या नरखेड तालुक्यातील काही घरांत आता मुलांच्या हट्टाखातर पाळीव ससेही नांदू लागले आहेत. आणि त्यांचे केस विंचरण्यासाठी व नखे काढण्यासाठी कुत्र्यांकरिता मिळते ते उंच, लोखंडी पायांचे टेबल मागवावे काय, अशी पृच्छा होऊ लागली आहे. ते मागवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गावच्या सुताराकडून एक ठेंगणा, रुंद चौरंग करून घ्यावा आणि जमिनीवर मांडी घालून हे काम करावे.

याचे कारण सशाच्या देहरचनेत आहे. मांजराच्या शरीरभारात हाडांचा वाटा सुमारे १३ टक्के असतो, सशाच्या जेमतेम ८; पण मागच्या पायांचे स्नायू मात्र असे बलवान, की घाबरून त्याने हवेत लाथ झाडली आणि कंबरेला आधार नसला, तर त्याच्याच जोराने त्याचा पाठीचा कणा मोडू शकतो. कंबरेइतक्या उंचीवरून मारलेली उडी ही म्हणूनच त्याच्या बाबतीत क्षुल्लक गोष्ट नव्हे. कुत्र्याच्या टेबलाला जो दांडा व गळ्यात अडकवायचा फास असतो, तो तर सशाच्या मानेला कदापि लावू नये.

चौरंग दोन फूट लांब, दीड फूट रुंद, वीतभर उंच असावा. चारही पाय जमिनीला सारखे टेकतात याची खातरजमा सुताराच्या देखतच करावी, कारण आसन डुगडुगले की ससा बिथरतो. गुळगुळीत रंधा मारलेल्या किंवा सनमायका लावलेल्या फळीवर त्याचे पाय घसरतात, कारण त्याच्या तळपायाला कुत्र्यामांजरासारख्या गाद्या नसून केवळ दाट केस असतात. तेव्हा फळीवर रबरी चटई आणि तीवर घट्ट विणीची, धुता येणारी सतरंजी, एवढी तजवीज पुरे. बागेतले संत्र्यांचे प्लास्टिकचे कॅरेट उपडे घालून त्यावर ससा बसवण्याची युक्ती सुचण्याजोगी आहे, परंतु त्याच्या तळाच्या जाळीत नख अडकते, आणि अडकलेले नख ससा हिसडा देऊन मुळासकट उपटून घेतो. ज्यांचे गुडघे मांडी घालू देत नाहीत, त्यांनी उंच टेबल जरूर घ्यावे, मात्र ते भिंतीच्या कोपऱ्यात लावावे आणि सशावरचा एक हात क्षणभरही काढू नये.

काम आरंभण्यापूर्वी त्याला काही दिवस त्या चौरंगावर नुसती कोथिंबीर खाऊ द्यावी. मग मऊ ब्रशाने केसांच्या कलाने मानेपासून शेपटाकडे यावे. केस गळण्याच्या दिवसांत हे रोजचे काम होऊन बसते, आणि त्यात हयगय चालत नाही: ससा स्वतःला चाटताना केस गिळतो, त्याला ओकारी येत नाही, आणि आतड्याची गती मंदावली की तो खाणे टाकतो. दिवसभर ज्याने तोंड लावले नाही व ज्याच्या लेंड्या थांबल्या, त्याला तडक वैद्याकडे न्यावे. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आपल्याच जिल्ह्यात आहे.

नखे महिना-दीड महिन्याने काढावी लागतात. पांढऱ्या नखात रक्ताची गुलाबी रेघ दिसते. काळ्या नखामागे टॉर्च धरावी आणि फक्त टोक कापावे. रक्त आलेच तर मक्याचे पीठ दाबून धरावे. पुष्कळ लोक यासाठी ससा उताणा करतात, तो निपचित पडतो आणि ‘कसा शांत झाला’ म्हणून घरचे कौतुक करतात. ती शांती नव्हे, भयाने आलेले स्तब्धत्व आहे, आणि ही प्रथा बंद झालीच पाहिजे. त्याची पाठ आपल्या पोटाशी टेकवून एकाने धरावे, दुसऱ्याने कापावे. अंघोळ तर घालूच नये. शेपटाखालचा भाग मळला असेल तर ओल्या फडक्याने तेवढाच पुसावा. पावसाळ्यात मात्र तो रोज पाहावा, कारण तेथे माशी अंडी घालते.

वैशाखात हा सारा विधी सूर्योदयापूर्वी उरकावा; तिशीपलीकडचे तापमान त्याला बाधते आणि आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला भिडतो. लांब लोकरीचा अंगोरा ससा हिमाचलाच्या थंडीत शोभतो. नरखेडला तो आणणे मला निर्दयपणाचे वाटते, मग चौरंग कितीही उत्तम असो. आणि बांधावर सापडलेले रानसशाचे पिल्लू हौसेने घरी आणून या चौरंगावर बसवण्याची मुभा कोणालाच नाही: तो निराळा प्राणी आहे, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि त्याला जेथल्या तेथे ठेवावे.