दुकानदाराचा नकार

दिवाळीच्या तोंडावर बाजारपेठा भरू लागल्या, की मालाच्या किमतीबरोबर त्याच्या कुळाचीही चौकशी सुरू होते. दिव्यांची माळ चिनी तर नाही ना, सफरचंद तुर्कस्तानचे तर नव्हे ना, असे प्रश्न गिऱ्हाईक विचारू लागते. आणि ज्याने माल मोजून द्यावा व पैसे मोजून घ्यावेत, त्या बिचाऱ्या दुकानदारावर एकाएकी परराष्ट्र खात्याचा कारभार येऊन पडतो. अशा वेळी 'व्यापाऱ्याने व्यापार पाहावा, राजकारणात पडू नये' हे वचन मोठ्या गांभीर्याने उच्चारले जाते. महाराष्ट्रात तरी ते उच्चारण्यापूर्वी उच्चारणाऱ्याने आपल्या पणजोबांची आठवण करावी.

कारण ज्या प्रांतात सार्वजनिक काकांनी स्वदेशी मालाच्या विक्रीसाठी जन्माची खटपट केली आणि 1877 च्या दिल्ली दरबारास हातसुताच्या शुभ्र पोशाखात हजेरी लावली, ज्या पुण्यात 1905 च्या ऑक्टोबरात विलायती कापडाची होळी पेटली, ज्या मुंबईत त्याच लाटेत देशी मालाच्या विक्रीस वाहिलेले 'बॉम्बे स्वदेशी स्टोअर्स' उभे राहिले, त्या प्रांतात दुकान आणि व्यासपीठ यांच्यामधील भिंत केव्हाच ढासळली आहे. राजकारणाने दुकानात यावे की येऊ नये, हा वाद आम्हांस म्हणूनच व्यर्थ वाटतो. ते येतेच. विचार करावयाचा तो इतकाच, की ते कोणाच्या खर्चाने येते.

या दृष्टीने 1930 सालची मुंबई पुन्हा एकवार न्याहाळण्याजोगी आहे. कायदेभंगाच्या त्या वर्षी कापडबाजारात पिकेटिंग चालू होते. कित्येक व्यापाऱ्यांनी विलायती माल न विकण्याची लेखी हमी दिली आणि त्यांचे गठ्ठे काँग्रेस समित्यांनी मोहोरबंद केले. त्या मोहोरेखाली केवळ कापड नव्हते. त्यात अडकलेले भांडवल होते आणि त्यावर चढत जाणारे व्याज होते. हमी देणाऱ्यांत अंतःकरणपूर्वक देणारे होते, तसेच दाराशी जमलेल्या जमावाकडे पाहून देणारेही असलेच पाहिजेत. त्याच वर्षी 12 डिसेंबरला काळबादेवीच्या रस्त्यावर, विलायती कापडाने लादलेली मोटार अडवताना, आंबेगाव तालुक्यातून मुंबईस आलेला गिरणीकामगार बाबू गेनू तिच्याखाली चिरडला गेला. त्याने बहिष्काराची किंमत स्वतःच्या प्राणाने मोजली, ती दुसऱ्याच्या खात्यावर मांडली नाही.

तीन महिन्यांनी, 5 मार्च 1931 रोजी, गांधी-आयर्विन करार झाला. तो आपण मीठ आणि कैद्यांची सुटका यांसाठी लक्षात ठेवतो. परंतु त्यातील बहिष्काराविषयीच्या कलमात अशी तजवीज आहे की, राजकीय प्रक्षोभाच्या काळात ज्यांनी ब्रिटिश मालाची खरेदी-विक्री सोडली, त्यांस वाटल्यास आपले धोरण बदलण्याची पूर्ण मुभा असावी आणि त्यांस कोणीही कोणत्याही प्रकारे अटकाव करू नये. पुढच्याच कलमात पिकेटिंगला वाव ठेवून दमदाटी आणि अडवणूक वर्ज्य ठरवली आहे. हे लिहून घेण्यात सरकारचा स्वार्थ होता आणि त्यामागे लँकेशायरच्या गिरण्यांची चिंता होती, हे उघड आहे. तरीही, ज्या नकारातून परत फिरण्याची वाट मोकळी नसते, त्या नकारास निष्ठा म्हणता येत नाही, हे तत्त्व त्या सरकारी कागदात नकळत नोंदले गेले, आणि महात्माजींनी त्यावर सही केली.

रवींद्रनाथांना हे पंधरा वर्षे आधी दिसले होते. 1916 साली ग्रंथरूपाने आलेल्या 'घरे बाइरे' या कादंबरीतला निखिलेश स्वतः स्वदेशीचा पुरस्कर्ता. पण आपल्या जमीनदारीतल्या बाजारात विलायती मालास बंदी करण्याचे तो साफ नाकारतो, कारण त्याचा फटका डोक्यावर गाठोडे घेऊन फिरणाऱ्या पंचूसारख्या दरिद्री विक्रेत्यास बसणार असतो. फेरीवाल्याचे कापड जाळल्याने मँचेस्टरचे काय गेले? त्याचे पैसे केव्हाच पोचते झालेले असतात. आज ऐन दिवाळीत चिनी माळांवर बहिष्काराचे फर्मान सुटते, तेव्हाही नेमके हेच घडते. माल आणणारा घाऊक व्यापारी आपले पैसे वसूल करून मोकळा होतो; कर्ज काढून चार खोकी घेतलेला पदपथावरचा विक्रेता मात्र देशद्रोही ठरतो.

2025 च्या मे महिन्यात पुण्याच्या फळव्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंद न घेण्याचे ठरवले. तो त्यांचा अधिकारच होता. परंतु हिमाचलची, इराणची सफरचंदे हाताशी असताना आणि गिऱ्हाईकच तुर्की फळास नाक मुरडत असताना घेतलेल्या त्या निर्णयास आम्ही त्याग म्हणणार नाही. ती शहाणी दुकानदारी होती. याउलट 1984 साली डब्लिनच्या हेन्री स्ट्रीटवरील दुकानात मेरी मॅनिंग नावाच्या एकवीस वर्षांच्या विक्रेतीने, आपल्या कामगार संघटनेच्या ठरावास जागून, वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेची ग्रेपफ्रूट विकण्याचे नाकारले. तिला निलंबित करण्यात आले. तिचे सहकारी तिच्याबरोबर बाहेर पडले. संप जवळजवळ तीन वर्षे चालला आणि अखेर 1987 मध्ये आयर्लंडच्या सरकारने दक्षिण आफ्रिकेच्या फळांची व भाज्यांची आयात बंद केली. तेथे नकार मालकाचा नव्हता, नोकराचा होता. मालकाच्या राजकारणाचा आदर करणाऱ्यांनी गल्ल्यावरच्या नोकरासही विवेकबुद्धी असते, हे विसरू नये.

एक मर्यादा मात्र आम्ही ठाम मानतो. अमुक वस्तू मी विकणार नाही, असे दुकानदाराने खुशाल म्हणावे. अमुक माणसास मी विकणार नाही, किंवा अमुक धर्माच्या विक्रेत्याकडून कोणी घेऊ नये, हे म्हणण्याचा अधिकार त्यास नाही आणि आम्हांसही नाही. पहिल्यात मताचे स्वातंत्र्य आहे, दुसऱ्यात अस्पृश्यता.

दिवाळी अंक हाही बाजारात मांडलेला मालच आहे. यातील मजकूर न रुचल्यामुळे एखाद्या पुस्तकविक्रेत्याने तो दुकानात ठेवण्याचे नाकारले, तर आमची त्याविरुद्ध तक्रार असणार नाही. तो ठेवू इच्छित असता इतर कोणी त्यास ठेवू देत नसेल, तर मात्र वाचकांनी आम्हांस कळवावे आणि त्या विक्रेत्याच्या पाठीशी उभे राहावे.