तारण, नजात आणि कात्री

मराठीत ‘तारण’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. कर्ज घेताना बँकेकडे दागिने किंवा घर ठेवतो, ते तारण. आणि मराठी बायबलमध्ये माणसाची पापातून सुटका होते, तेही तारण. उर्दूत आपण दुसऱ्या अर्थाला नजात म्हणतो. पौलाच्या पत्रांत मुक्तीसाठी येणारा एक मूळ ग्रीक शब्दही असाच व्यवहारातला आहे: किंमत मोजून बंदिवानाला किंवा गुलामाला सोडवणे. म्हणजे आत्म्याच्या मुक्तीची ही भाषा बेड्यांच्या अनुभवातूनच आली आहे.

योहानाच्या इंजीलमध्ये आठव्या अध्यायात एक संवाद आहे. सत्य तुम्हाला मुक्त करील, असे हजरत ईसा (अ.) सांगतात. ऐकणारे दुखावतात. आम्ही इब्राहीमची संतती, आम्ही कधी कुणाचे गुलाम नव्हतो, असे त्यांचे उत्तर. खरे तर त्यांचे पूर्वज मिसरमध्ये फिरऔनचे गुलाम होते आणि त्या क्षणी डोक्यावर रोमची सत्ता होती. ईसा (अ.) त्यांना पापाची गुलामी दाखवतात. पण मला अडवते ते त्या लोकांचे उत्तर. कुळाच्या अभिमानात स्वतःची बेडीही दिसेनाशी होते. आपणही स्वतःला इब्राहीम (अ.) यांच्या मिल्लतचे म्हणवतो, तेव्हा हा आरसा आपल्यासाठीही आहे.

नजात कशी मिळते, यावर आपला आणि ख्रिस्ती बांधवांचा मतभेद आहे. त्यांच्या श्रद्धेत ती क्रुसावरच्या बलिदानाने मिळते. आपण मानतो की प्रत्येकाचे ओझे त्याचे त्यालाच वाहायचे आहे आणि तौबाचे दार थेट अल्लाहकडे उघडते. हा फरक लपवायचे कारण नाही. पण एक प्रश्न दोघांसमोर सारखाच आहे: आत्मा मुक्त आणि शरीर साखळीत, हे चालेल का?

चालेल, असे म्हणणारे होते. 1807 मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या बेटांवरील गुलामांसाठी खास बायबल छापले गेले. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये 1189 अध्याय असतात. या प्रतीत फक्त 232 ठेवले. हजरत मूसा (अ.) यांनी बनी इस्राईलला मिसरमधून बाहेर काढले, तो वृत्तान्त गाळला. मसीहमध्ये गुलाम आणि स्वतंत्र असा भेद उरत नाही, हे पौलाचे वचन गाळले. मात्र दासांनी धन्याची आज्ञा पाळावी, हा उपदेश राहिला. मळेवाल्यांना कशाची भीती होती, हे गाळलेल्या पानांवरूनच कळते.

ती भीती खरी ठरली. जमैकातला सॅम्युअल शार्प स्वतः गुलाम होता, बाप्टिस्ट मंडळीत डीकन होता आणि त्याला वाचता येत होते. बायबल वाचूनच त्याची खात्री झाली की एका माणसाने दुसऱ्याला गुलाम ठेवण्याचा हक्क नाही. 1831 च्या नाताळनंतर मजुरी मिळाल्याशिवाय काम करायचे नाही, असे त्याने लोकांना पटवले. त्यातून मोठा उठाव झाला. मे 1832 मध्ये शार्पला फाशी झाली. पुढच्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गुलामी संपवण्याचा कायदा केला.

हे वाचून आपण ‘बघा त्यांचे’ म्हणून मोकळे होऊ नये. कुरआनचा एक शब्दही कुणी गाळला नाही, हे खरे. सूरह बलदमध्ये गुलामाला मुक्त करणे हा नेकीचा अवघड घाट म्हटला आहे. सूरह तौबामध्ये जकातीच्या आठ वाटांत गुलामांची सुटका आणि कर्जात बुडालेल्यांची मदत, दोन्ही येतात. अबू बक्र (र.) यांनी किंमत मोजून बिलाल (र.) यांना सोडवले, ही गोष्ट आपण मुलांना कौतुकाने सांगतो. तरी सौदी अरेबियात गुलामी कायद्याने बंद व्हायला 1962 साल उजाडले आणि मॉरिटानियात 1981. आपण कात्री कागदावर चालवली नाही, वाचण्यावर चालवली. तिलावत पूर्ण झाली, अंमल अर्धा राहिला.

वेठबिगारीविरुद्ध आपल्या देशात 1976 मध्ये कायदा झाला. तरी मराठवाड्यातले ऊसतोड जोडपे मुकादमाकडून उचल घेते आणि ती फिटली नाही तर पुढच्या हंगामात पुन्हा त्याच फडावर जाते. दागिने नाहीत, घर नाही. तारण म्हणून ठेवायला दोन देहच असतात.

रमजानमध्ये आपण जकातीचा हिशेब पै-पैने करतो. या वर्षी प्रत्येक मोहल्ल्याने अशा एका तरी कुटुंबाची उचल फेडावी, असे मला वाटते. कुटुंब मुसलमान नसेल आणि जकातीबद्दल फिकहचा प्रश्न निघाला, तर सदका आहेच. त्याला कुणाची हरकत नाही. दुसऱ्याची मान सोडवल्याशिवाय आपल्या नजातीची दुआ मागायला निदान मला तरी संकोच वाटतो.