तुरुंग पत्करणाऱ्या डॉक्टर

म्हशाहून मुरबाड, मुरबाडहून कल्याण. बाळंतीण अडली की या भागातल्या माणसांची वाट ठरलेली. गाडीरस्ता नसलेल्या पाड्यावरून तर तिला आधी बांबूला बांधलेल्या चादरीच्या झोळीतून खाली आणावं लागतं. ज्या कल्याणला ती पोचते, तिथेच १८६५ साली आनंदीबाई जोशी जन्मल्या. त्यांचं नाव इथल्या पोरासोरांना पाठ असतं आणि असायलाच हवं. पण १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टरकीची पदवी मिळाली आणि वर्षभरात त्या गेल्या. दवाखाना चालवायचं राहूनच गेलं. ते काम तीस वर्षांहून अधिक काळ करणाऱ्या डॉ. रखमाबाईंचं नाव मात्र आपल्याकडे क्वचितच निघतं.

मुंबईच्या सुतार समाजातल्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लागलं. त्या माहेरीच राहिल्या, घरीच वाचत-शिकत राहिल्या. १८८४ मध्ये त्यांचे पती दादाजी भिकाजी यांनी 'बायकोला नांदायला पाठवा' म्हणून दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांचा हुकूम आला: महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्या म्हणाल्या, कैद चालेल. टिळकांचा 'केसरी' त्यांच्या विरोधात होता. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीने एवढं सगळं अंगावर घेतलं! १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि पुढच्याच वर्षी त्या वैद्यकीच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या.

परतल्यावर सुरत, मग राजकोट. दोन्हीकडे बायकांचे दवाखाने. निवृत्त झाल्यावरही १९२९ मध्ये त्यांनी पडदापद्धतीविरुद्ध पुस्तिका लिहिली. कोर्टातली रखमाबाई आणि दवाखान्यातली रखमाबाई वेगळी काढताच येत नाही.

दवाखान्याबाहेर, घरोघरी जाऊन काम करणाऱ्याही डॉक्टर होत्या. आनंदीबाईंच्याच कॉलेजातून १८६७ साली रिबेका कोल या कृष्णवर्णीय तरुणीने पदवी घेतली होती. न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत घरोघर जाऊन त्या आयांना बाळाची निगा आणि स्वच्छता शिकवत. आज आपल्या पाड्यांवर आशाताई नेमकं हेच करतात.

या ताईंसमोर अजूनही कोवळ्या वयाच्या गरोदर मुली येतात. वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांत वयात आलेली मुलगी मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा खरा घोर असतो, म्हणून तिला लवकर उजवून टाकतात. अठरा वर्षांचा कायदा त्यांना ठाऊक नसतो असं नाही. मुलीला ठेवायला जागा नसते. शहापूर-मुरबाडच्या आश्रमशाळांनी अशा मुलींची राहण्याची सोय भट्टीच्या हंगामाआधी, दिवाळीच्या आतच पक्की करावी, आणि रखमाबाईंचा खटला त्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगावा.