पास फुकट, पण गाडी कुठे आहे?

महाड-पोलादपूरच्या ग्रामस्थांनो आणि मुंबईकर चाकरमान्यांनो,

आपल्याकडे मुलीला ‘शिकू नकोस’ असं आता कुणी म्हणत नाही. ‘जाणार कशी?’ एवढंच विचारतात. तेवढ्यावर आठवी-दहावी झालेली पोर घरी बसते, गुरं आणि धाकटी भावंडं सांभाळते, मग स्थळ येतं.

सरकारने कागदावर बरंच दिलंय. अहिल्याबाई होळकर योजनेत बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा मोफत पास आहे. २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या घरांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्कही माफ झालं. चांगलंच झालं. पण पास दाखवायला आधी गाडी यावी लागते. वस्तीची गाडी बंद झाली की वरच्या वाडीतल्या मुलीने तो पास काय भिंतीवर लावायचा?

शाळा सुटल्यावर स्टँडवर ताटकळायचं, फाट्यावर उतरून अंधारात चढण चढायची, पावसात भरलेला पऱ्या ओलांडायचा. बाप हे मुलाला सांगतो, मुलीला सांगत नाही. त्याची भीती खोटी नाही. २२ जुलै २०२१ ला तळिये, केवनाळे, साखर सुतारवाडी इथे दरडी कोसळून काय झालं ते आपण पाहिलंय.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता. आठवीनंतर तो हात सोडतो आणि आपल्या मुलींची खरी पायपीट तिथूनच सुरू होते. त्यात सप्टेंबर २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायचे प्रस्ताव मागवले गेले. पट कमी, कारण निम्मी घरं मुंबईला गेली. मागे राहिलेल्या चार पोरींचा त्यात काय गुन्हा?

अफगाणिस्तानात सहावीनंतर मुलींना वर्गात बसू देत नाहीत, म्हणून आपण हळहळतो. हळहळायलाच हवं. आपल्या डोंगरात तसं फर्मान नाही, तरी मुलगी घरीच.

आणि हे महाडात! २७ डिसेंबर १९२७ ला याच गावात बाबासाहेबांनी स्त्रियांची सभा घेऊन मुलींना शिकवा असं बजावलं होतं. दर २० मार्चला, सत्याग्रहाच्या स्मृतिदिनी, पुढाऱ्यांचे ताफे चवदार तळ्यावर बरोबर पोचतात. मुलींच्या एसटीलाच रस्ता सापडत नाही.

मुंबईकरांनो, थोडं कडू बोलतो. देवळाचा जीर्णोद्धार, शिमग्याची पालखी, मे महिन्यातले क्रिकेटचे सामने, यांची वर्गणी एका हाकेत जमते. देवी आपलीच आहे, तिच्याशी वाद नाही. पण मंडळाच्या वहीत मुलींच्या गाडीचा रकाना का नाही? एका कळसाच्या खर्चात शाळेसाठी ठरवलेली जीप किती महिने चालेल, हिशेब तुम्हीच करा.

मागणी साधी आहे. एसटीच्या वेळा शाळेच्या घंटेवर लावा आणि वस्तीच्या गाड्या परत सोडा. पोलादपुरात बाहेरगावच्या प्रत्येक मुलीला जागा मिळेल एवढं वसतिगृह द्या. आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी मुलीचं नाव पटावरून कापू नका.

येत्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला आयांनी आणि मुलींनी पुढे बसावं. या मागण्यांचा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, सह्या करा, नक्कल महाड आगारात आणि जिल्हा परिषदेत देऊन पोच घ्या. २ ऑक्टोबरच्या सभेत त्याचं उत्तर सरपंचांकडून मोठ्याने वाचून घ्या.