टक्के मोजले, हालचाल मोजली का?

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या घरी दोन-तीन वर्षांत कागदांची जाडजूड फाइल तयार होते. तिच्यात मेंदूचा एमआरआय असतो, औषधांच्या चिठ्ठ्या असतात, फिजिओथेरपीच्या पावत्या असतात, शिक्का मारलेले दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रही असते. पुष्कळदा नसतो तो एकच कागद: हे मूल सहा महिन्यांपूर्वी काय करू शकत होते आणि आज काय करू शकते, हे सांगणारा. ‘फरक पडतोय ना?’ या पालकांच्या प्रश्नाला मग ‘पडेल, धीर धरा’ एवढेच उत्तर मिळते. वर्षानुवर्षे उपचार चालू राहतात, पण त्यांचा उपयोग होतो आहे की नाही, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही.

मेंदूची वाढ होत असताना, म्हणजे गर्भात, जन्माच्या वेळी किंवा त्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात, त्याला झालेल्या इजेमुळे हा विकार होतो. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. मूल मात्र वाढते. हाडे लांब होतात, ताठरलेले स्नायू त्या वेगाने वाढत नाहीत, वजन वाढले की तोल सावरणे अवघड होते. त्यामुळे तिसऱ्या वर्षी केलेली तपासणी सातव्या वर्षी कामाची राहत नाही. हालचालीचे आणि तोलाचे मूल्यमापन ठरावीक काळाने पुन्हा करावेच लागते.

त्यासाठीची साधने नवी नाहीत. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठातील संशोधकांनी १९९७ मध्ये ‘जीएमएफसीएस’ ही पाच पातळ्यांची वर्गवारी मांडली आणि ती आज जगभर वापरली जाते. पहिल्या पातळीचे मूल आधाराशिवाय चालते, धावते. वेग आणि तोल मात्र थोडा कमी पडतो. दुसऱ्या पातळीच्या मुलाला खडबडीत जमीन, गर्दी, लांबचे अंतर जड जाते आणि जिन्यावर कठडा लागतो. तिसऱ्या पातळीला वॉकर किंवा कुबड्या लागतात. चौथ्या पातळीचे मूल बहुतेक वेळा व्हीलचेअरवर असते आणि पाचव्या पातळीच्या मुलाला मान व धड सावरायलाही मदत लागते.

ही वर्गवारी मुलाचा रस्ता कोणता ते सांगते. त्या रस्त्यावर ते किती पुढे आले, हे मोजायला दुसरे साधन आहे: ‘जीएमएफएम’. कुशीवर वळणे, बसणे, रांगणे, उभे राहणे, चालणे-धावणे अशा ८८ कृती त्यात आहेत. प्रत्येक कृतीला शून्य ते तीन गुण. मूल सुरुवातच करू शकले नाही तर शून्य, पूर्ण केली तर तीन. उभे राहू शकणाऱ्या मुलांच्या तोलासाठी ‘पेडिॲट्रिक बॅलन्स स्केल’ आहे. प्रौढांसाठीच्या एका चाचणीवरून ते मुलांसाठी बेतले गेले. खुर्चीवरून उठणे, डोळे मिटून उभे राहणे, एका पायावर थांबणे, जमिनीवरची वस्तू उचलणे अशी १४ कामे, एकूण गुण ५६. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. खुर्ची, बाक, घड्याळ आणि मोजपट्टी यांवर बरेचसे भागते.

हे आकडे कशासाठी हवेत? पहिले कारण वेळेचे आहे. कॅनडातील ऑन्टारियो प्रांतातल्या ६५७ मुलांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सौम्य गटातील मुलांनी मोठ्या हालचालींच्या आपल्या क्षमतेचा सुमारे ९० टक्के पल्ला पाचव्या वर्षाच्या आसपास गाठला होता, तर सर्वांत तीव्र गटातील मुलांनी तिसऱ्या वर्षाच्या आधीच. ही सरासरी आहे आणि पुढे शिकणे थांबते असा तिचा अर्थ नाही. पण ‘मोठा झाला की आपोआप चालेल’ म्हणत घालवलेली दोन वर्षे किती महाग पडतात, ते यावरून कळते.

दुसरे कारण फसवणुकीचे आहे. याच अभ्यासाने दाखवले की पहिल्या काही वर्षांत बहुतेक मुलांची हालचाल कमी-अधिक सुधारतच असते. नेमक्या त्याच काळात एखादा ‘चमत्कारी’ उपचार घेतला, तर श्रेय त्यालाच जाते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रक्ताशी संबंधित काही मान्य आजार सोडले तर स्टेम सेलचा वापर फक्त रीतसर वैद्यकीय चाचणीतच करता येतो. सेरेब्रल पाल्सी त्या मान्य यादीत नाही. तरीही शेत किंवा दागिने विकून पैसे उभे करायला तयार होणारे पालक असतात. उपचाराआधीचे गुण, नंतरचे गुण आणि त्या पातळीच्या मुलात एरवीही अपेक्षित असलेली प्रगती, हे तीन आकडे शेजारी ठेवले तर असे दावे तपासता येतात.

तिसरे कारण खुब्याचे. सेरेब्रल पाल्सीत खुब्याचा सांधा हळूहळू सरकू शकतो आणि सुरुवातीला दुखतही नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यातल्या २००६ च्या अभ्यासात पहिल्या पातळीच्या एकाही मुलात तो सरकलेला आढळला नाही. पाचव्या पातळीच्या मुलांत मात्र हे प्रमाण ९० टक्के होते. म्हणजे पातळी माहीत असेल तर कोणाच्या खुब्याचा एक्स-रे किती वेळा काढायचा हे ठरवता येते. माहीत नसेल, तर निदान वेदना सुरू झाल्यावर होते.

आपल्याकडे आकडा म्हटला की दिव्यांगत्वाची टक्केवारीच डोळ्यांसमोर येते. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे आणि आरक्षणासह अनेक सवलतींसाठी किमान ४० टक्क्यांची अट आहे. हक्कांसाठी ते प्रमाणपत्र आवश्यकच आहे. पण ७० टक्के म्हटल्याने मूल कोठे अडते आणि पुढच्या सहा महिन्यांत काय साधायचे, हे कळत नाही.

यावर ओपीडीतल्या फिजिओथेरपिस्टचा आक्षेप रास्त आहे: बाहेर रांग लागलेली असताना ८८ कृती कधी तपासायच्या? संपूर्ण चाचणीला तास लागू शकतो, हे खरे. पण पातळी ठरवायला काही मिनिटे पुरतात आणि सविस्तर चाचणी वर्षातून दोनदा केली तरी चालते. रोजच्या व्यायामातले दोन तास त्यासाठी दिले, तर उरलेले शेकडो तास योग्य दिशेने जातात.

दवाखान्यातले गुण म्हणजे सगळे मूल नव्हे, हेही लक्षात ठेवायला हवे. गुळगुळीत फरशीवर दहा पावले टाकणारे मूल घराच्या उंबरठ्याला अडखळते, उकिडवे बसताना मागे कलंडते, एसटीची पहिली पायरी चढू शकत नाही. मेलबर्नमध्ये तयार झालेली ‘फंक्शनल मोबिलिटी स्केल’ म्हणूनच तीन अंतरांबद्दल विचारते: ५ मीटर, ५० मीटर आणि ५०० मीटर. साधारणपणे घर, शाळा आणि बाजार. घरात भिंत धरून चालणाऱ्या मुलीने बाजारात व्हीलचेअर वापरली तर ती हरली असे होत नाही. तिला बाजार पाहता आला, हे महत्त्वाचे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला आणि त्याअंतर्गत जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उभी राहिली. तिथे येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या कार्डावर पातळी, हालचालीचे व तोलाचे गुण, पुढील तपासणीची तारीख आणि खुब्याच्या एक्स-रेची नोंद सक्तीची करावी. त्याची प्रत पालकांच्या हाती द्यावी, म्हणजे गाव किंवा डॉक्टर बदलला तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. तोवर पालकांनी पुढच्या भेटीत तीन गोष्टी लेखी मागाव्यात: मुलाची पातळी कोणती, मागच्या वेळेपेक्षा काय बदलले आणि येत्या सहा महिन्यांत नेमके काय साधायचे आहे. हे विचारणे म्हणजे डॉक्टरांवर अविश्वास दाखवणे नव्हे. तो मुलाचा हक्क आहे.