चुंबकाची ऊब आणि तळपायाचा डाग

आजचे युग विज्ञानाचे आहे, हे वाक्य आपण निबंधांतून इतक्या वेळा लिहिले आहे की त्याचा अर्थ विचारण्याची सवयच सुटली आहे. युग विज्ञानाचे आहे हे खरे. पण ते विज्ञान आपल्या बेळगाव-निपाणीच्या मुलखातील माणसाच्या दारापर्यंत येते काय, आणि येत नसेल तर वाटेत कोठे अडते, हा प्रश्न विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याने व प्राध्यापकाने स्वतःला विचारावयास हवा. चुंबकीय नॅनोकण आणि मेलॅनोमा नावाचा त्वचेचा कर्करोग यांचे उदाहरण घेऊन तो येथे मांडीत आहे.

प्रथम कणांविषयी. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. लोहाच्या ऑक्साइडचे वीस नॅनोमीटरहून बारीक कण केले की त्यांचा स्वभाव बदलतो. बाहेरचे चुंबकीय क्षेत्र असेपर्यंत ते चुंबक असतात. क्षेत्र काढून घेतले की चुंबकत्व विसरतात आणि एकमेकांस चिकटून गोळा होत नाहीत. अशा कणांवर सेकंदाला लाखाच्या घरात दिशा पालटणारे क्षेत्र लावले की कण तापतात. ते गाठीत सोडलेले असतील तर गाठ आतून ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवता येते. एवढ्या उष्णतेने कर्करोगाच्या पेशी दुबळ्या होतात व किरणोपचार किंवा औषध त्यांना अधिक लागू पडते. भोवतालचे शरीर मात्र फारसे तापत नाही.

ही कल्पना जुनी आहे. १९५७ साली अमेरिकेत गिलख्रिस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लसिकाग्रंथी अशा रीतीने तापवून पाहिल्या. जर्मनीत अँड्रियास जॉर्डन यांच्या प्रयत्नांतून मेंदूच्या गाठीवरील अशा उपचारास २०१० साली युरोपात मान्यता मिळाली. जपानमध्ये जिम्बो यांच्या गटाने मेलॅनोमासाठी मोठी चतुर युक्ती केली. मेलॅनोमाच्या पेशी मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य तयार करतात. म्हणून त्या रंगद्रव्याच्या कच्च्या मालासारखे दिसणारे रसायन लोहकणांना जोडून त्यांनी पेशींपुढे आमिष ठेवले. पेशी आमिष घेतात आणि त्याबरोबर कणही घेतात. तथापि मेलॅनोमाच्या बाबतीत हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतील पेशी व उंदीर यांच्यापुरतेच आहे, हे विसरता कामा नये.

यासाठी फार दूर पाहावयास नको. निपाणीहून तासाभराच्या अंतरावरील कोल्हापुरात, डी. वाय. पाटील विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार यांच्या गटाने याच विषयावर काम केले. डेक्स्ट्रान या शर्करेचे वेष्टण दिलेले मॅग्नेशियम फेराइटचे कण क्षेत्रात किती तापतात, यावरील त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात भाभा अणुसंशोधन केंद्राचे शास्त्रज्ञही सहभागी होते. शिवाजी विद्यापीठात फेराइटच्या अभ्यासाची परंपरा तर त्याहून जुनी आहे. इकडे बेळगावात १९६३ पासून जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०२५ च्या जानेवारीत केएलईचे स्वतंत्र कर्करोग रुग्णालय सुरू झाले. म्हणजे कण करणारे हात एका टोकाला, रोगी तपासणारे हात दुसऱ्या टोकाला, आणि मधल्या महामार्गावर आपण. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली स्थिती आहे.

आता रोगाविषयी. मेलॅनोमा हा गोऱ्या लोकांचा, उन्हाने होणारा रोग, असे पाठ्यपुस्तक सांगते. आपल्याकडे तो विरळ आहे, हेही खरे. परंतु आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो होतो तेव्हा बहुधा तळपायावर, तळहातावर, नखाखाली किंवा तोंडाच्या आतील त्वचेवर होतो. म्हणजे ऊन पोहोचत नाही तेथे. बॉब मार्ले हा जमैकाचा गायक १९८१ साली वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी याच रोगाने गेला. त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालील डाग आरंभी फुटबॉलची दुखापत समजला गेला होता. आपल्याकडे शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसाच्या तळपायाला काळा डाग पडला तर तो काय समजेल? काटा मोडला असेल, भोवरी असेल, ठेच लागली असेल. डाग चिघळतो, जांघेत अवधाण येते, आणि मग दवाखाना आठवतो. तोवर रोग पायातून पुढे सरकलेला असतो. डाग वरवरचा असताना तो कापून काढला तर बहुतेक रोगी बरे होतात. पसरल्यानंतर लाखांची औषधेसुद्धा अनेकांच्या बाबतीत अपुरी पडतात.

येथे माझे म्हणणे स्पष्ट मांडतो. आपल्या भागात दरवर्षी कितीतरी विद्यार्थी कोबाल्ट फेराइट, निकेल फेराइट, झिंक फेराइट अशी चूर्णे तयार करतात. क्ष-किरणांचा आलेख काढला जातो, कणांचा आकार मोजला जातो, आणि बऱ्याच प्रबंधांच्या प्रस्तावनेत एक वाक्य हटकून येते: हा पदार्थ कर्करोगाच्या उपचारास उपयुक्त ठरू शकेल. मग बाटलीला बूच लागते आणि ती कपाटात जाते. कोणी म्हणेल, शुद्ध विज्ञानाला उपयोगाचा जाब विचारू नये. मान्य आहे. फेराइटचा अभ्यास केवळ ज्ञानासाठी करणाऱ्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु ज्याने प्रस्तावनेत रोग्याचे नाव घेतले, त्याने पुढची चार पावले टाकलीच पाहिजेत. कण खारट पाण्यात तरंगत राहतात की तळाशी बसतात? जिवंत पेशींना अपाय करतात काय? कोबाल्ट आणि निकेल शरीराला विषारी आहेत, तर लोह शरीराच्या ओळखीचे आहे. यकृत व प्लीहा ते मोडून रक्ताच्या कामाला लावतात. मग उपचाराचे नाव घेऊन कोबाल्टच का निवडावा? या प्रश्नांची उत्तरे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि वैद्यक यांचे विभाग एका टेबलाशी बसल्यावाचून मिळणार नाहीत.

आणखी एक गोष्ट. तापवण्याच्या दिमाखदार प्रयोगापेक्षा याच कणांचे एक साधे काम आपल्या अधिक उपयोगाचे आहे. मेलॅनोमा डागापासून प्रथम ज्या लसिकाग्रंथीत शिरतो तिला पहारेकरी गाठ म्हणता येईल. ती शोधून, काढून तपासली की रोग पसरला की नाही हे कळते. ती शोधण्यासाठी किरणोत्सारी टेक्नेशियम वापरतात. त्याचा अर्धा अंश सहा तासांत संपतो. म्हणून अणुवैद्यक विभाग, परवाने, वेळेवर येणारा पुरवठा हे सारे लागते. त्याऐवजी डागाजवळ लोहकण टोचले तर ते त्याच गाठीत जाऊन बसतात आणि हातात धरावयाच्या चुंबकीय शोधकाने सापडतात. हे कण कपाटात टिकतात. ब्रिटनमधील २०१६ च्या एका चाचणीत मेलॅनोमाच्या रोग्यांवर ही पद्धत रुळलेल्या पद्धतीच्या जवळ पोहोचली, पण बरोबरीची ठरली नाही. शिवाय शोधकाजवळ लोखंडी हत्यारे चालत नाहीत, आणि टोचल्या जागी तपकिरी डाग राहू शकतो. या उणिवा म्हणजेच काम करू इच्छिणाऱ्यास उघडे असलेले दार होय. मोठ्या शहरापासून दूर असलेल्या रुग्णालयाला कोणते तंत्र परवडेल, हा प्रश्न ब्रिटनपेक्षा आपल्याला अधिक जवळचा आहे.

आपला प्रश्न आपण विचारला की काय होते, याचे उदाहरण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने घालून दिले आहे. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्ती जागे करणारे औषध मेलॅनोमावरही वापरतात, पण त्याची पूर्ण मात्रा सामान्यांच्या आवाक्याबाहेर आहे. तेथील डॉक्टरांनी तोंड व घशाच्या बळावलेल्या कर्करोगात नेहमीच्या उपचारास केवळ २० मिलिग्रॅमची, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या भागाहूनही कमी, जोड देऊन पाहिली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. हा प्रश्न रोग्याच्या खिशातून जन्मला होता. तंबाखूच्या भावासाठी १९८१ साली महामार्गावर ठाण मांडणाऱ्या या निपाणी भागाला भाव विचारणे नवे नाही. मग आपल्या नावाने होणाऱ्या संशोधनालाही, आमच्या पदरात काय, असे विचारण्यास आपण का कचरावे?

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, दोन कामे आपल्या हाती आहेत. प्रकल्पासाठी पदार्थ निवडताना मार्गदर्शक प्राध्यापकांना आदरपूर्वक विचारा की हा कण प्रयोगशाळेतून पुढे कोणाकडे जाणार आहे. कोल्हापूर आणि बेळगाव ही दोन राज्यांत असली तरी रोगी सीमेचा दगड पाहून दवाखाना निवडत नाही. आपल्या प्रयोगशाळांनीही तो पाहू नये. दुसरे काम त्याहून सोपे आहे आणि त्याला कसलेही यंत्र लागत नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात गावी जाल तेव्हा लोकांना तळपाय पाहावयास सांगा. मराठीत तळपाय म्हणा, कन्नडात अंगालु म्हणा. वाढणारा, रंग बदलणारा, कडा वेड्यावाकड्या असलेला किंवा महिना-दीड महिन्यात न भरणारा काळा डाग दिसला की डॉक्टरकडे पाठवा. प्रत्येक डाग कर्करोग नसतो, हेही सांगा, म्हणजे लोक घाबरून लपवणार नाहीत.

चुंबकाची ऊब रोग्यापर्यंत पोहोचावयास अजून वर्षे लागतील. ती लवकर पोहोचावी म्हणून जे प्रयोगशाळेत रात्री जागतात त्यांचा आपल्याला अभिमान असावा. परंतु आज ज्याच्या तळपायावर डाग आहे, त्याला तेवढी वर्षे थांबता येणार नाही.